फाइलीतला पाचवा कागद

१

सकाळी साडेनऊला फादरनी फाइलची नाडी सोडली, कागद एकेक करून टेबलावर मांडले, गोळा केले, पुन्हा मांडले, आणि मग चष्मा काढून पुसला. चष्म्यात काही दोष नव्हता. समोर बसलेल्या चिमटीला तेवढ्यावरूनच कळलं, की काहीतरी बिनसलंय.

"एक कागद नाही," फादर म्हणाले.

चिमटी ही नवरीची धाकटी बहीण. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. घरात कुणी एखादं वाक्य सैल बोललं, की ती ते चिमट्यात धरल्यासारखं उचलायची आणि उजेडात उलटसुलट करून बघायची. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. आज तिच्यावर काम एकच होतं. ही फाइल चर्चच्या ऑफिसातून उचलायची, दुपारी एकच्या आत विवाह नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर दाखवायची आणि परवानापत्रावर शिक्का मारून आणायचा. चारला चर्चमध्ये ताईचं लग्न.

"कोणता कागद नाही?" तिनं विचारलं.

फादर उठले. दार लोटून घेतलं. परत येऊन बसले.

"ताईनं तुला सगळं सांगितलंय ना?"

"सगळं म्हणजे?"

"अरे देवा," फादर पुटपुटले. "म्हणजे नाही सांगितलं. हे बघ, तिच्याकडून कळायला हवं होतं, पण आता वेळ नाही. जो कागद गेलाय तो कोर्टाचा हुकूमनामा आहे. घड्याळजींच्या घटस्फोटाचा."

२

घड्याळजी म्हणजे होणारा नवरा. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. गेलं वर्षभर तो दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येत होता आणि आत्याच्या हातचं सगळं मुकाट्यानं संपवत होता. तेवढ्यावर चिमटीनं त्याला पास केलं होतं.

"घटस्फोट? आणि तरी तुम्ही चर्चमध्ये त्याचं लग्न लावताय? तुमच्यात चालत नाही ना हे?"

"आमच्यात म्हणू नकोस, तुझाही बाप्तिस्मा मीच केलाय," फादर म्हणाले. त्यांनी दोन पेपरवेट उचलून शेजारी शेजारी ठेवले. "नीट ऐक. दोन वह्या आहेत असं समज. एक सरकारची, एक चर्चची. घड्याळजी बावीस वर्षांचा असताना रागाच्या भरात घरातून निघाला आणि एका मुलीबरोबर नोंदणी कार्यालयात जाऊन सही करून आला. सरकारच्या वहीत लग्न झालं. दोन वर्षांनी कोर्टात मोडलं. तीही नोंद तिथेच."

"आणि चर्चच्या वहीत?"

"कोरं पान. कॅथलिक नसलेल्यांचं नोंदणीचं लग्न आम्ही सहसा खरं धरतो, पण कॅथलिक माणसाचं लग्न चर्चच्या हिशोबी लागायला अधिकार असलेला पाद्री आणि दोन साक्षीदार समोर हवेत. ते नव्हते. त्यामुळे ते लग्न मोडलं की नाही हा प्रश्न आमच्याकडे उठतच नाही. ते लागलंच नव्हतं. बिशपांच्या ऑफिसनं कागद तपासून तसं पत्र दिलंय. ते माझ्या खोलीत कपाटात आहे."

चिमटीनं क्षणभर विचार केला. "आणि चर्चमध्ये लग्न करून मग कोर्टात मोडलं असतं तर?"

"तर कोर्टाच्या कागदानं आमच्याकडे काहीच हललं नसतं. ते लग्न मुळात वैध होतं का, हे आमच्या न्यायासनाला तपासावं लागलं असतं. वर्ष जातं, दोन वर्षं जातात."

"म्हणजे चर्चला या हुकूमनाम्याचं अडत नाही."

"चर्चला नाही. सरकारला अडतं! सरकारच्या वहीत तो हुकूमनामा नसेल तर घड्याळजी अजून विवाहित. खिडकीवर अस्सल प्रत बघितल्याशिवाय परवानापत्र देत नाहीत, आणि परवानापत्राशिवाय मी लग्न लावलं तर तो गुन्हा. शिवाय त्यांच्या नोटिशीची मुदत आज संपते. आज हुकलं, तर पुन्हा नोटीस आणि पुन्हा तीस दिवस."

चिमटी उठली ती थेट दुकानाकडे पळत सुटली. लग्नाच्या दिवशी माणूस कामाला बसलेला नसणार असं तिला वाटलं होतं. पण घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसला होता.

"हात थरथरतायत म्हणून बसलो," तो ओशाळून म्हणाला. "बारीक काम असलं की थांबतात."

तिनं सांगितल्यावर मात्र ते थांबले नाहीत. हातातला स्क्रू खाली पडला तो त्यानं शोधलासुद्धा नाही.

"मी ताईला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या घरीही सांगणार होतो. तीच म्हणाली, लग्न होऊ दे, मग मी सांगते, आत्याला झेपणार नाही. चिमटी, मी कोर्टात जातो. दुसरी प्रत मिळते का बघतो."

अकराला पाच मिनिटं कमी असताना त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"नक्कल मिळते. बारा दिवसांनी."

३

लग्न पुढे ढकललं तर का ढकललं हे सांगावं लागणार. दोनशे पाहुण्यांना सांगावं लागणार. ताईला चिमटीनं फोनवर एवढंच विचारलं, "कुणाकुणाला माहीत होतं?" मग ताई म्हणाली, "आम्ही दोघं, त्याची आई, फादर आणि ऑफिसातल्या बाई. चिमटे, आज लग्न मोडलं ना, तर लोक त्याच्याकडे काय नजरेनं बघतील मला माहितीये. तो पुन्हा या दारात उभा राहायचा नाही. काहीतरी कर गं."

फादरच्या म्हणण्याप्रमाणे काल पाच वाजता फाइल पूर्ण होती. त्यांनी स्वतः कागद मोजले होते. सहाला ऑफिस बंद झालं. मधल्या तासात तिथे चार माणसं आली गेली होती. ऑफिसातल्या बाई, ऑर्गन वाजवणारे मास्तर, घड्याळजीची आई, आणि साक्षीदार म्हणून आपल्या ओळखपत्राची प्रत द्यायला आलेली आत्या.

चिमटीनं सुरुवात बाईंपासून केली. कारण उघड होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या भाचीसाठी घड्याळजीचं स्थळ बघितलं गेलं होतं, आणि त्यानंच नकार दिला होता.

"विचार, विचार," बाई रजिस्टरवरून मान न उचलता म्हणाल्या. "माझ्यावरच येणार हे मला माहीत होतं. वीस वर्षं इथे कागद सांभाळतेय. एक टाचणी इकडची तिकडे नाही."

"काल पाच ते सहा तुम्ही इथेच होता?"

"फुलांची गाडी आली तेव्हा दहा मिनिटं अंगणात गेले. गाडीवाला कमळं घेऊन आला होता, लिली सांगितल्या असताना. भांडायला नको?"

"आणि फाइल?"

"टेबलावर. आता चर्चच्या ऑफिसात चोर येतील म्हणून का कुलूप लावायचं?" मग त्या एकदम मान वर करून म्हणाल्या, "आणि ऐक. मला हे लग्न मोडायचं असतं ना, तर कागद चोरायची गरज काय होती? अंगणात उभं राहून दोन वाक्यं बोलले असते तरी काम झालं असतं. माझ्या भाचीला आता घड्याळजीपेक्षा बरा मिळालाय. गाडी आहे त्याच्याकडे."

हे पटण्यासारखं होतं. पण प्रयोगशाळेत नुसतं पटून भागत नाही.

चिमटीनं फाइल खिडकीजवळ नेली. उरलेले कागद एकेक करून पाहिले. दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दोघांचे वयाचे दाखले, तीन रविवारी लग्नाची घोषणा वाचून दाखवल्याचं पत्र, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आकडा होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

ती थबकली. "बाई, हे आकडे तुम्ही घातलेत?"

"मग? प्रत्येक फाइलला घालते. या फाइलीत सात."

"सात होते ना? मग मधला एक गेल्यावर एक ते सहा सलग कसे?"

बाईंचं पेन थांबलं.

चिमटीनं खिडकीचा पडदा ओढला, मोबाइलचा दिवा लावला आणि तो कागदाच्या कडेला अगदी आडवा धरला. सरळ उजेडात जे दिसत नाही ते तिरक्या उजेडात सावल्यांनी दिसतं. घोषणेच्या पत्रावरच्या ‘पाच’च्या खाली पेन्सिलच्या दाबानं उमटलेला, खोडलेला ‘सहा’ होता. प्रमाणपत्रावरच्या ‘सहा’च्या खाली ‘सात’.

"बाई," चिमटी हळूच म्हणाली, "आपण सकाळपासून चुकीच्या माणसाला शोधतोय."

४

ज्याला लग्न मोडायचंय, त्याला कागद गेल्याचं सगळ्यांना कळायला हवं. तो आकडे जुळवत बसणार नाही. इथे कुणीतरी दहा मिनिटांत, रबर आणि पेन्सिल घेऊन आकडे बदलले होते. कशासाठी? असा कागद कधी होता, हेच कुणाला कळू नये म्हणून. म्हणजे चोराला हे लग्न व्हायला हवं होतं!

पण मग हाच कागद का? हा काढल्यानं लग्न वाचेल असं कुणाला वाटेल?

सव्वाअकरा वाजले होते. वर ऑर्गनच्या माळ्यावर मास्तर सराव करत होते. त्यांच्या खिशात पेन्सिल होती आणि पेन्सिलच्या टोकाला रबर. चिमटीची नजर तिथे खिळलेली पाहून त्यांनी वाजवणं थांबवलं.

"स्वरलिपीत खाडाखोड करावी लागते, पोरी. असं काय बघतेस, मी काय खून केलाय?"

"फाइलीतला एक कागद हरवलाय, मास्तर. काल तुम्ही ऑफिसात आला होता."

"गाण्यांची यादी द्यायला. बाई बाहेर भांडत होत्या, यादी टेबलावर ठेवली आणि आलो." त्यांनी डोळे बारीक केले. "कोणता कागद? नोंदणीचा तर नव्हे ना? मी तिथल्या हॉलमध्येही वाजवतो, कधी एका दिवशी तीन तीन लग्नं असतात. एक कागद कमी असला तरी ती खिडकी माणसाला परत पाठवते. गेल्या महिन्यात एक नवरा आधीच्या बायकोच्या मृत्यूचा दाखला विसरला, तर नवरी हारासकट बाकावर बसून राहिली! मी दोन तास तेच तेच वाजवत होतो."

ज्याला खिडकीची रीत इतकी तोंडपाठ, तो हा कागद काढून लग्न वाचवायला जाणार नाही. चिमटीनं मनात एक रेघ मारली.

घड्याळजीची आई मागच्या खोलीत मेणबत्त्यांना रिबिनी बांधत होती. चिमटीनं विचारताच तिनं रिबीन दातात धरली आणि गाठ आवळूनच बोलली.

"मी? माझ्या मुलाचा कागद मी पळवीन? अगं, तो कागद मिळवायला त्याच्याबरोबर मीच कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. नोटीस द्यायच्या वेळी खिडकीवरही मीच होते. तिथल्या माणसानं विचारलं, ‘आधीचं लग्न?’ आणि माझ्या मुलानं मान खाली घातली. मी कागद असा आपटला काचेवर! म्हटलं, आधीचं हे, संपलंय हे, शिक्का बघा नि पुढचं बोला."

"तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर जोरात आपटला."

दुसरी रेघ. चिमटी घाईनं चर्चच्या मुख्य दालनात आली. आत्या वेदीपुढे फुलदाण्यांत फुलं लावत होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. आई गेल्यावर या दोघींना तिनंच वाढवलं. पस्तीस वर्षं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवलं. आज्ञा, संस्कार, पाप, पुण्य, सगळं मुखपाठ. वर्गात कुणी चुकलं तर चष्म्यावरून अशी बघायची, की मूल आपोआप पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागायचं.

"आत्या, फाइलीतला एक कागद हरवलाय."

"फादरच्या टेबलावर हरवायला काय, हत्तीही हरवेल," आत्या म्हणाली. तिनं गाण्यांची यादी चिमटीपुढे केली. "हे वाच बघू, प्रवेशाच्या वेळी कोणतं गाणं लिहिलंय मास्तरांनी? किडा-मुंगीसारखं अक्षर." यादी तिनं हातभर लांब धरली होती.

चिमटीनं वाचून दाखवलं. "आत्या, तो कागद मिळाला नाही तर आज लग्न लागणार नाही."

"काहीतरीच!" आत्यानं एक लिली खसकन ओढली. "एका कागदानं लग्न अडतं का? सहा कागद आहेत ना फाइलीत? पुष्कळ झाले. फादरना सांग, जास्त चिकित्सा करू नका."

घंटाघरात साडेअकराचा एक टोला पडला. चिमटी जागची हलली नाही.

फाइलीत किती कागद आहेत, हे तिनं आत्याला सांगितलंच नव्हतं.

५

चिमटी बाकावर बसली. प्रयोगशाळेत अहवालावर सही करण्याआधी ती नेहमी स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. आत्ता तेच केलं, कारण मनापासून तिला आपलं उत्तर चुकीचं ठरायला हवं होतं.

चोराला लग्न व्हायला हवंय. बाई असतील? त्यांना बिशपांचं पत्र आल्याचं माहीत आहे, खिडकीचे नियमही माहीत आहेत. त्यांच्या दृष्टीनं हा कागद निरुपद्रवी आणि आवश्यक. मास्तर, घड्याळजीची आई, दोघांनाही खिडकी माहीत. या तिघांपैकी कुणीही लग्न वाचवायला हा कागद काढणार नाही.

उरतो तो असा माणूस, ज्याला चर्चची शिकवण पाठ आहे आणि सरकारी खिडकी कधी बघितलेली नाही. ज्यानं बिशपांचं पत्र बघितलेलं नाही, कारण ते फाइलीत नव्हतंच. ज्याला घटस्फोटाचा शिक्का दिसताक्षणी एकच अर्थ लागेल. चर्च घटस्फोट मानत नाही, फादरना हे कळलं की लग्न रद्द.

आणि चष्मा. आजवर आत्या काही वाचताना चष्म्याशिवाय दिसली नव्हती. आज ती यादी हातभर लांब धरून माझ्याकडून वाचून घेते. चष्मा घरी राहिला असता तर मला पळत आणायला सांगितला असता. म्हणजे चष्म्याची डबी तिच्यापाशी आहे, पण ती तिला माझ्यासमोर उघडायची नाहीये.

चिमटी परत वेदीपाशी गेली. आत्याची पर्स पहिल्या बाकावर होती.

"आत्या, चष्म्याची डबी दे."

आत्याचा हात फुलदाणीवर तसाच राहिला.

"ताईसाठी मागतेय," चिमटी म्हणाली. "बारा वाजत आलेत. तू तो फाडलास का, एवढं आधी सांग."

६

"फाडला नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज वर्गातला नव्हता. "काल रात्री तीनदा हातात घेतला. जमलं नाही. कुणाचा तरी शिक्का असलेला कागद कसा फाडायचा?"

डबीत हुकूमनामा होता. आठ घड्या घालून बोटाएवढा केलेला. चष्मा पर्सच्या तळाशी सुट्टा पडला होता.

"बाई अंगणात होती. फाइल टेबलावर उघडी. मी माझ्या ओळखपत्राची प्रत ठेवायला गेले आणि हा दिसला. मला वाटलं, त्या बाईनंच भाचीचा राग धरून आयत्या वेळी घुसवलाय. फादरनी हा बघितला असता तर लग्न ठरूच दिलं नसतं ना? म्हणजे त्यांनी बघितलेला नाही. मी म्हटलं, आज पोरीचं लग्न लागू दे. पाप माझ्या माथी. माझं वय झालंय, मी बघून घेईन देवाशी."

"आत्या, फादरना सुरुवातीपासून माहीत आहे."

चिमटीनं सांगितलं. दोन वह्या, एकीत लग्न आणि घटस्फोट, दुसरीत कोरं पान. तिनं फादरसारखंच, पण पेपरवेटऐवजी दोन लिली शेजारी शेजारी ठेवून सांगितलं. आत्या ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू असा होत गेला, की चिमटीनं शेवटचं वाक्य अर्धवटच सोडलं.

"लागलंच नव्हतं?" आत्यानं विचारलं.

"चर्चच्या हिशोबी नाही."

"न्यायासन नाही, चौकशी नाही?"

"कागद तपासून पत्र देतात. एवढंच."

आत्यानं पर्स उचलली. "चल. एकपर्यंतच ना खिडकी? मीही येते."

"तुझा गुडघा..."

"गुडघ्यानं चोरला का कागद? चल म्हटलं ना!"

७

टॅक्सी मिळायला वीस मिनिटं गेली. आत्यानं मांडीवर हुकूमनामा पसरला होता आणि घड्या तळहातानं दाबून दाबून सपाट करत होती. चिमटीनं ताईला निरोप टाकला, ‘सापडला, निघालोय.’ बारा वाजून एकवीस मिनिटं.

दुसऱ्या चौकात रस्ता खणलेला होता. टॅक्सी थांबली. पुढे गाड्यांची रांग.

"मला एक जण विचारायला आला होता," आत्या म्हणाली. "मी अठ्ठावीसची होते. भला माणूस. छापखान्यात खिळे जुळवायचं, जुळाऱ्याचं काम करायचा, बोटं कायम काळी. त्याचं आधी एक लग्न झालं होतं. कोर्टात. मोडलंही कोर्टातच. त्यानं काही लपवलं नाही, असाच एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. मी त्याला म्हटलं, चर्च घटस्फोट मानत नाही. माझ्या लेखी तुम्ही विवाहित आहात. पुन्हा येऊ नका."

चिमटी तिच्याकडे वळली.

"तेव्हाच्या फादरना विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात? मीच तर मुलांना शिकवत होते."

गाडी दहा फूट सरकली. बारा एकतीस.

"चिमटे, तू खरं तेच सांगतेस. त्याचं लग्नही चर्चच्या हिशोबी लागलंच नव्हतं?"

खोटं बोलावं असं चिमटीला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं होतं. हे त्यांतलं एक. एका अटीवर उत्तर फिरत होतं, आणि ती अट आत्याच्या बाजूनं असावी की विरुद्ध असावी हेही तिला ठरवता येईना.

"तो कॅथलिक होता का, यावर आहे," ती म्हणाली. "नियम कॅथलिक माणसाला लागू. तो नसता, तर कोर्टातलं लग्नही चर्च सहसा खरं धरतं. मग तू म्हणालीस तेच बरोबर होतं."

आत्यानं हुकूमनाम्याची शेवटची घडी तळहातानं दाबली.

"बाप्तिस्मा आपल्याच चर्चमध्ये," ती म्हणाली. "माझ्या आधी चार वर्षं. रजिस्टर बघितलंय मी."

"कुठे असतात ते आता?"

"दूर. लग्न केलं त्यानं पुढे, मुलं आहेत. सुखात आहे म्हणतात." तिनं पदरानं डोळे नाही, चष्मा पुसला आणि तो लावला. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठोकलं. "अहो, ही रांग सरायची नाही. इथून नोंदणीचं ऑफिस किती लांब?"

"चालत दहा-बारा मिनिटं. पण बाई, तुम्हाला..."

आत्यानं दार उघडलं होतं.

चिमटीला पुढे कितीतरी दिवस ते दृश्य आठवायचं. खणलेल्या रस्त्याच्या कडेनं, मातीच्या ढिगाऱ्यांवरून, लग्नासाठी काढलेली चांगली साडी एका हातानं वर धरून आणि दुसऱ्या हातात हुकूमनामा झेंड्यासारखा उंच धरून आत्या पुढे, आणि फाइल छातीशी धरून चिमटी मागे. एकदा आत्या ठेचकाळली. चिमटीनं हात पुढे केला, तर म्हणाली, "मला धरू नकोस, फाइल धर!"

कार्यालयाच्या पायऱ्या एकोणीस होत्या. आत्या त्या कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला दात चावत चढली. वर लांबलचक रिकामा बोळ, आणि टोकाला एक खिडकी. आतला माणूस काचेची झडप खाली ओढत होता.

"थांबा!" आत्या ओरडली. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज तो. माणसाचा हात हवेतच राहिला.

"बाई, बंद झालं. सोमवारी या."

आत्या खिडकीपर्यंत पोचली. धाप लागली होती, केस सुटले होते, साडीला माती होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"एक वाजायला चार मिनिटं आहेत. मी तीस वर्षं उशिरा आलेय. ही चार मिनिटं मी सोडणार नाही."

माणसानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि झडप वर केली.

त्यानं कागद मोजले. आणि नेमका पाचवाच आधी मागितला. आठ घड्यांच्या रेघा पडलेला हुकूमनामा त्यानं काचेवर धरून शिक्का तपासला, कपाळाला आठ्या घातल्या.

"अस्सल आहे. पण याची ही अवस्था कुणी केली?"

"मी," आत्या म्हणाली. "नीट वाचला नव्हता."

ठक्‌ करून शिक्का पडला. त्याच क्षणी चिमटीचा फोन थरथरला. ताई होती, आणि तिला रडण्यामुळे एक शब्द धड बोलता येत नव्हता. "झालं का? चिमटे, झालं का गं?"

आत्यानं फोन काढून घेतला.

"झालं. तोंड धू आणि साडी नेस. आणि घड्याळजीला सांग, त्याच्या आधीच्या लग्नाचं मला सगळं कळलंय." आत्यानं परवानापत्र उजेडाकडे धरलं, शिक्क्याची शाई ओली होती म्हणून त्यावर हळूच फुंकर घातली. "त्याला म्हणावं, खरं सांगणारा माणूस परत पाठवायचा नसतो. मी येतेय साक्षीला."